संतपूरला न पडलेला पाऊस

संतपूरला एका ऑगस्टमध्ये जो पाऊस पडला नाही, तो मी कागदावर पाडला. कुणी दबाव आणला नव्हता. चूक माझी एकट्याची.

मी गुलबर्ग्यात एका कार्यालयात दर महिन्याचा तक्ता करतो. कुठल्या गावात पाऊस किती, तालुक्याचं तापमान किती, आणि ते त्या महिन्याच्या सामान्य आकड्यापेक्षा कमी की जास्त. आता यंत्रं आपोआप आकडे पाठवतात. पूर्वी फोन यायचे. संतपूरचा फोन अप्पांचा. पर्जन्यमापक त्यांच्या शेताच्या कडेला, तारेच्या कुंपणात होता. सकाळी साडेआठला ते त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, डोळ्यांसमोर धरून वाचायचे, वहीत लिहायचे आणि मगच चहाला तोंड लावायचे.

"हॅलो, संतपूर. आज कोरडं."

"अप्पा, गुलबर्ग्याहून ढगं पाठवू का?"

"नकू तम्मा. तुमची ढगं तुमच्यासारखीच. निस्ती येऊन जातेत, काम काई करत न्हाईत!"

सख्ख्या धाकट्या भावाला म्हणावं तसं ते मला तम्मा म्हणत. त्यांचा फोन येईपर्यंत माझी सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नसे. अजूनही साडेआठ वाजून गेले की हात उगीच फोनकडे जातो.

त्या ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या गावांचे आकडे सामान्याच्या जवळपास होते, आणि अप्पांचा मात्र निम्माच. तक्ता संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. अप्पांनी नुकताच चष्मा बदलला होता. नजर चुकत असेल, असं मी ठरवून टाकलं. एक फोन पुरला असता. तो केला नाही. शेजारच्या गावांची सरासरी काढून संतपूरपुढे भरली आणि शेरा मारला: सामान्य. बाजूच्या रकान्यात तालुक्याचं तापमान सामान्यापेक्षा जास्त होतं, तेही माझ्याच अक्षरात. म्हणजे आभाळ बरेच दिवस उघडं होतं, सरी कुठं पडल्या, कुठं नाही. हे मला कळायला हवं होतं.

तक्ता पंचायतीच्या फळ्यावर लागला. दोन दिवसांनी आकडा सांगून झाल्यावरही अप्पांनी फोन ठेवला नाही.

"तम्मा, एक इचारू? फळ्यावर सामान्य लिव्हलंय. हॉटेलात लोकं म्हणायलेत, अप्पा, पाऊस तुमच्या गिलासातच पडला व्हय? आमच्या सोयाबीनला कामून दिसला न्हाई? शेंगा तर चपट्याच हायेत. माझं वाचणं चुकायलंय का?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वय झालं की होतंय असं कधीमधी, अप्पा."

दुसऱ्या दिवसापासून ते सुनेला शेजारी उभं करून माप वाचायला लागले. "सूनबाई बी एवढंच म्हणायलीय," असं आकड्यामागं जोडायचे. थट्टा बंद झाली. पुढं यंत्र बसलं आणि फोनही थांबला.

यंदा सामान्य आकडे पुन्हा काढायचे म्हणून जुनी कागदपत्रं उघडली. सामान्य म्हणजे तरी काय, आधीच्या अनेक वर्षांची सरासरी. माझा खोटा आकडा आता तीत मुरणार होता. त्याच गठ्ठ्यात अप्पांचे महिन्याचे कागद सापडले. ऑगस्टपर्यंत रोजच्या आकड्यापुढं एक सही. सप्टेंबरपासून दोन. दुसरी सुनेची, जपून काढलेली. शेवटच्या कागदापर्यंत त्या दोन्ही सह्या होत्या.

आकडा दुरुस्त करायचा अर्ज मी साहेबांकडे दिला, आपलं नाव घालून. पण अप्पांवरचा संशय कागदावर नव्हता, हॉटेलात होता. रविवारी तिथंच गेलो. अप्पा बाकावर बसले होते, आजूबाजूला पाचसात माणसं.

"अरं तम्मा! इकडं कसं काय? आता यंत्राचा बी डोळा गेला का?"

लोक हसले. मला बसवेना. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"अप्पा, त्या ऑगस्टात तुमचं वाचणं बरोबर होतं. आकडा मी बदलला. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्या वयावर ढकललं, तेही खोटं होतं. माझं चुकलं, अप्पा. मला माफ करा."