नामनिर्देशित व्यक्ती: शालूची माय

चित्रगुप्ताच्या कचेरीत आमचे विमावाले भाऊ कारकून असते, तर आजवर एकही माणूस मेला नसता. प्रत्येकाचा कागद त्रुटी काढून परत आला असता. सरकारी नोकरांच्या गट विम्याचं टेबल ते गडचिरोलीत वर्षानुवर्षं सांभाळत होते, आणि त्यांच्या शेजारी बसून मी दातओठ खात होतो. वेलांटी चुकली, फाईल परत. सही रेघेला टेकली, फाईल परत. लग्नाला बोलावलं तर आहेराऐवजी नामनिर्देशनाचा फॉर्म घेऊन यायचे. माझ्या हातांची हळदही उतरली नव्हती, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तू मेल्यावर विमा कोणाले? मायचं नाव काढ, हिचं टाक." सासूबाई अजून त्यांचं नाव निघालं की कानावर हात ठेवतात.

एकदा जंगलातल्या नाक्यावरच्या एका वनरक्षकाच्या बायकोचा दावा आला. नवरा तापाने गेलेला. बायकोचं नाव घ्यायचं नाही ही गावची रीत त्या भल्या माणसाने फॉर्मवरही पाळली होती. विमा कोणाला, या रकान्यात लिहिलं होतं, 'शालूची माय'. भाऊंच्या आधीच्या कारकुनाने तो फॉर्म डोळे मिटून घेतलाही होता. आता भाऊ वारस दाखला मागणार, लहान पोरीला घेऊन बाई कोर्टाच्या चकरा मारणार, हे मी धरूनच चाललो आणि आधीच चिडून बसलो.

भाऊंनी मोटरसायकल काढली आणि मला मागे बसवलं. गावात दिसेल त्याला ते विचारत सुटले, शालूची माय कोण? सगळ्यांनी एकच घर दाखवलं. पण बाईचं नाव सरपंचालाही येईना. 'शालूची माय ती हीच' असं कागदावर लिहून भाऊंनी त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग तिच्यासमोर बसून तिचं नाव विचारलं. आधार कार्डावर आहे ना, मी वैतागून म्हणालो.

"कागदाले नाई, तिले पुसून राह्यलो."

"पारबता," ती खाली बघत म्हणाली. "लगीन झाल्यापासून कोणी पुसलंच नाई."

दावा मंजूर झाला. पत्र पोस्टाने पाठवायचं, तर भाऊ म्हणाले, "या नावानं पोस्टमनले घर सापडणार नाई." पुन्हा मोटरसायकल, पुन्हा मी. आत काय लिहिलंय हे बाईने विचारलं नाही. पाकिटावरचं नाव तेवढं शालूकडून दोनदा वाचून घेतलं. भाऊ उन्हात उभे राहून ऐकत होते.

आता ते रिटायर झालेत. फाईली भराभर निघतात, आणि मला काही केल्या करमत नाही.