या वेळी सासऱ्यांना सांगून

हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर माझ्याहून वयाने लहान बाई होत्या. तोंडात आरसा घालून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सिगारेट की तंबाखू?" ओढता का, असं विचारलंच नाही. तोंड उघडं असल्यामुळे मी जे म्हणाले ते धड शब्दासारखं नव्हतं, पण त्यांना कळलं.

मी इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करते. गंगापूर रोडला आमचा फ्लॅट आहे आणि त्याच इमारतीत खाली दोन खोल्यांचं माझं ऑफिस. आठवड्यातले दोन-तीन दिवस साइटवर जातात. सिगारेट इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये लागली आणि राहिली. टपरीवर उभं राहून ओढणाऱ्या बाईकडे नाशिकमध्ये अजूनही लोक थांबून पाहतात, त्यामुळे माझ्या जागा ठरलेल्या होत्या: गाडी, ऑफिसचं बाथरूम, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. नवऱ्याला माहीत होतं. मुलीला माहीत नसावं अशी माझी समजूत होती.

डॉक्टरांनी आधी कधी सोडून पाहिली का ते विचारलं. सोडली होती, तीनदा. पहिल्यांदा मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा. वासानेच मळमळायचं, त्यामुळे त्यात माझं काही श्रेय नव्हतं. मुलगी प्लेग्रुपला जायला लागली आणि सकाळचे दोन तास रिकामे मिळाले, तेव्हा परत सुरू झाली. दुसऱ्यांदा नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती शपथ मालेगावच्या एका साइटवर मोडली. कॉलमचं सळईकाम चुकलं होतं, माझी आणि कॉन्ट्रॅक्टरची दुपारभर वादावादी झाली आणि परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेतली. त्यानंतर कित्येक महिने मुलीला साधा ताप आला तरी मला ती शपथ आठवायची. मी अशा गोष्टी मानत नाही. तरी आठवायची. तिसऱ्यांदा निकोटिनची च्युइंगगम आणली. ती सावकाश चघळायची असते हे मला माहीत नव्हतं. उचक्या लागायच्या, छातीत जळजळायचं, आणि शेवटी मी गमही खात होते आणि सिगारेटही ओढत होते.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग या वेळी लगेच सोडू नका. थोडे दिवस नेहमीसारखी ओढा, पण प्रत्येक वेळी पाहा, आत्ता का पेटवली. मग तारीख ठरवा. आणि घरात एकाला सांगून ठेवा."

"मिस्टरांना माहीत आहे."

"मिस्टर नकोत. ते वास घेत फिरतात. रागावणार नाही असं कुणी आहे का?"

मी विचार करून सांगते म्हणाले.

पाहायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मला वाटत होतं की मी टेन्शन आलं की ओढते. तसं नव्हतं. टेन्शन असताना मी सरळ कामाला लागत होते. सिगारेट पेटायची ती काम संपल्यावर. ड्रॉइंग पाठवलं की एक, स्लॅब चेक झाला की एक, फोनवरचं लांबलेलं बोलणं आटोपलं की एक. ती नसती तर एक काम संपून दुसरं सुरू झालं हे मला कळलंच नसतं. हे कळल्याने सोडणं सोपं झालं नाही, पण निदान मी कशाशी झगडते आहे ते समजलं.

आता सांगायचं कुणाला हा प्रश्न होता. घरात आम्ही चौघं. नवरा, मुलगी, मी आणि नाना, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. मूळचे निफाडकडचे. नोकरी बस डेपोत वाहतूक नियंत्रकाची झाली, पण बोलण्यात गाव राहिलं. दाढेखाली कायम तंबाखू. त्यांच्याशी माझं वाकडं कधीच नव्हतं, पण बोलणं बेतानेच. औषध घेतलं का, भाजीत तिखट कमी आहे का, एवढंच.

एका दुपारी मुलगी क्लासला गेली होती. नाना बाल्कनीत बसून तळहातावर तंबाखू मळत होते. मी दुसरी खुर्ची ओढून बसले. हे रोजचं नव्हतं, त्यामुळे त्यांचा हात थांबला.

"नाना, एक सांगायचं होतं."

"सिगारेटचं का?"

ते पुन्हा मळायला लागले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गच्चीवर कोण जातं, कोण येतं, दिसत नाय का? डेपोत जन्म गेला माझा. ड्रायव्हर पिऊन आला का नुसता झोपेतून उठून आला, ते मी लांबून सांगायचो."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? माझ्या तोंडात हे, आणि मी तुला बोलू?"

मी म्हटलं, सोडायची आहे, आणि डॉक्टरांनी घरात कुणाला तरी सांगायला सांगितलं आहे. तुम्ही काही करायचं नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं.

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले. मला वाटलं आता म्हणतील, मीही सोडतो. सिनेमात तसं झालं असतं. ते म्हणाले, "मी नाय सोडत बरं का, आधीच सांगतो. लय वेळा करून पाह्यलं. पण तुझं बघू. कधीपासून?"

"येत्या सोमवारपासून."

"सोमवार नको. सोमवारी सगळेच सोडतात. तुला जड कोणता दिवस जातो?"

जड दिवस पिंपळगावचा. तिथे एका द्राक्षांच्या पॅकहाउसचं काम चालू होतं, नवीन शीतगृह. तिथला कॉन्ट्रॅक्टर स्वतः ओढणारा होता आणि पाहणी झाली की न विचारता पाकीट माझ्यापुढे धरायचा. साइटवर मला मोकळेपणाने ओढता येईल अशी ती एकच जागा होती.

"मग त्याच दिवशी सुरू कर," नाना म्हणाले. "मी येतो संगं. घरात बसून तरी काय करतो?"

बुधवारी ते सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. नवऱ्याने विचारलं, कुठे निघालात? "पिंपळगावला. काम हाय," एवढंच सांगितलं.

साइटवर त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली. द्राक्षांचा हंगाम होता. टेम्पो येत होते, बायका ओळीने बसून घडातले बारके मणी कात्रीने काढत होत्या. नाना त्यांच्याशी बोलत बसले, कुणाचं गाव कोणतं, माहेर कुठलं. मी दोन तास वर-खाली केले. पाहणी संपली आणि कॉन्ट्रॅक्टरने सवयीने खिशात हात घातला. तेवढ्यात त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

"ते कोण, मॅडम?"

"माझे सासरे."

त्याने तो हात तसाच बाहेर काढला आणि मला चहा विचारला.

परत येताना मला कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं. हात स्टिअरिंगवर नुसते आवळले जात होते. नानांनी तंबाखूची पुडी काढली, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "लावू का?"

"लावा. मला काय."

त्यांनी पुडी हातात धरली. बराच वेळ धरली. टोलनाका गेल्यावर तोंडात टाकली आणि काच खाली केली. मला त्यांचा राग आला, अगदी भांडावंसं वाटेल एवढा. घरी पोचेपर्यंत तो गेलाही होता.

पहिले दिवस वाईट गेले, पण आधीच्या तीन वेळांइतकेच. मी मुलीवर ओरडले, एक ड्रॉइंग चुकीच्या माणसाला पाठवलं, शेंगदाणे फार खाल्ले. संध्याकाळी नाना एकदा विचारायचे, "बरं हाय का?" मी हो म्हणायचे. नाही म्हटलं तरी ते काही करणार नव्हते, आणि हेच मला बरं वाटत होतं.

महिना होत आला तेव्हा एक ओढली. कारण काहीही नव्हतं. एक मोठं काम मंजूर झालं, मी खूश होते, आणि गाडी आपोआप टपरीपाशी थांबली. घरी येऊन नानांना सांगितलं. मला वाटलं ते हळहळतील.

"किती?"

"एकच."

"पाकीट घेतलं का सुट्टी?"

"सुट्टी."

"मग ठीक हाय. जेवायला वाढ."

आधीच्या प्रत्येक वेळी त्या एका सिगारेटीला मी हार समजले होते आणि दुसऱ्या दिवशी पाकीट आणलं होतं. या वेळी दुसऱ्या दिवशी काही आणलं नाही. तो माझा निश्चय होता असं मी म्हणणार नाही. सुट्टी घेतली हे ठीक आहे असं घरातल्या एका माणसाने म्हटलं होतं, त्यामुळे ते तेवढंच राहिलं.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, परत थंडी आली. मी सोडली याची नवऱ्याला आता खात्री पटली आहे. तो लोकांना सांगतोही, त्याने कसं समजावलं ते. मी दुरुस्त करत नाही. नानांची तंबाखू चालू आहे. मध्ये त्यांना मी त्याच डॉक्टरकडे तपासायला नेलं. गालाच्या आत एक पांढरट चट्टा होता, तो पुन्हा दाखवायला सांगितला आहे. त्यानंतर ते तंबाखू थोडी कमी खातात, की माझ्यासमोर कमी खातात, हे मला माहीत नाही.

सिगारेटची आठवण येते, पण रोज नाही. जास्त आठवतात ती टाकीमागची दहा मिनिटं, जेव्हा मी कुठे आहे हे घरात कुणीही विचारत नव्हतं. आता मी गच्चीवर गेले तर मुलगी मागून येते, आई काय करतेस म्हणते. काही नाही म्हणते मी, आणि खरंच काही करत नसते. मग ती तिच्या शाळेतलं काहीतरी सांगायला लागते आणि आम्ही खाली येतो.