साठवर धरलेला वेग

उज्वला खैरनार आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही. द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये आई होती तोवर टीव्ही, कुकर, देवाची घंटा असे आवाज असायचे. आई गेल्यावर सहा महिन्यांनी तिने चारशे सीसीची मोटरसायकल घेतली. सिन्नरचा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, या वयात?"

"मग कोणत्या वयात?" ती म्हणाली. त्यानंतर त्याचे फोनही कमी झाले.

दर रविवारी सकाळी ती इगतपुरीपर्यंत जाऊन यायची. मागच्या वर्षी वर्कशॉपच्या पायरीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण ॲक्सिलरेटर पिळून धरला की पंधरा मिनिटांत बोटं बधिर व्हायची. डॉक्टर म्हणाले, गाडी विका. तिने क्रूझ कंट्रोल बसवायचं ठरवलं.

तिच्या गाडीच्या ॲक्सिलरेटरला केबल नव्हतीच. मूठ फिरवली की वायरमधून इंजिनाला इशारा जायचा. मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये एक छोटी डबी जोडली, की मूठ सोडली तरी वेग धरून ठेवायचं काम ती डबी करणार होती. तीन संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून उज्वलाने वायरी सोलल्या, सोल्डर केल्या. ब्रेक किंवा क्लच दाबताच धरलेला वेग सुटायलाच हवा होता. मागचं चाक स्टँडवर उचलून तिने तपासलं. ब्रेकला सुटला, क्लचला सुटेना. एक वायर चुकली होती. ती बदलून तिने दहा वेळा क्लच दाबून पाहिला.

"सुटलं बघ," ती मोठ्याने म्हणाली. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं.

रविवारी विल्होळी मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. साठला तिने बटण दाबलं आणि मूठ सैल सोडली. काटा हलला नाही. हेल्मेटच्या आत ती एकटीच हसली. इगतपुरी कधी आली ते कळलंच नाही. पावणेनऊला ती घरी परतलीसुद्धा. एरवी अकरा वाजायचे.

पोहे केले, खाल्ले, ताटली धुतली. साडेनऊ झाले होते. पुढे अख्खा दिवस उभा होता. मग तिच्या लक्षात आलं, हात दुखायचा म्हणून ती वाटेत तीनदा चहाच्या टपऱ्यांवर थांबायची. आठवडाभरात शिकवण्याखेरीज जे काही बोलणं व्हायचं, ते तिथेच.

पुढच्या रविवारी वाडीवऱ्ह्याच्या टपरीजवळ तिने ब्रेक दाबला. टपरी सुलाबाईची. चहा गाळता गाळता सुलाबाई म्हणाली, "मागच्या रविवारी दिसल्या नाय. हात लय दुखत व्हता का?"

"नाही, आता दुखत नाही. गाडीला मशीन बसवलं, मूठ धरावी लागत नाही."

"मग आज कशाला थांबल्या?"

उज्वलाने हेल्मेट काढून काखेत धरलं. "चहा प्यायला," ती म्हणाली.

"तुमी तर निम्मा चहा टाकून जाता," सुलाबाई म्हणाली. तिने बाकड्यावरची गवारीची पाटी बाजूला सरकवून जागा केली. "बसा. नाव काय तुमचं? लय दिस झालं येता, मी इचारलंच नाय."

"उज्वला."

दोघी गवार निवडत बसल्या. सुलाबाई सुनेबद्दल बोलली, ट्रकवाल्यांबद्दल बोलली. उज्वला बहुतेक ऐकतच होती. त्या दिवशी ती इगतपुरीला गेलीच नाही. साडेदहाला कुलूप उघडून घरात आली, तेव्हा बोटांना गवारीचा वास येत होता. बराच वेळ तिने हात धुतलेच नाहीत.