वीस मापटी शेवया

आमच्या मुरुम गावात लग्न ठरलं, की सकिनाखालाचा पाट मोकळा आहे का ते आधी विचारायचे, मुहूर्त मग. पाटावर ती शेवया अशा बारीक ओढायची की पाहणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. विधवा बाई, पोटापाण्याचं साधन तेवढंच. शिरस्ता ठरलेला: एक मापटं रवा द्यायचा, तीन मापटी शेवया घ्यायच्या.

बासष्ट साली माझं लग्न निघालं आणि आमच्या घरात शहाणपण शिरलं. शेर-मण जाऊन किलो आले होते, म्हणून माझ्या वडिलांनी, हिंमतरावांनी, नवा तराजू आणला आणि दिसेल ते तोलायला लागले. मांजर तेवढं सुटलं. आईनं, द्वारकाबाईनं, दहा किलो रवा तोलून खालाकडं धाडला. निरोप दिला, दहा किलो शेवया करा.

खालाला किलो कुठून ठाऊक? तिनं किराणावाल्या महालिंगप्पाला विचारलं. "एक किलो म्हंजे दोन मापटी," तो म्हणाला. तो सांगत होता धान्याचं, खालानं लावलं शेवयांना. शेवया पडल्या पोकळ, मापट्यात निम्म्याहून जास्त हवाच! वीस मापटी भरल्यावर ती थांबली. रवा ढीगभर उरला होता. तिला वाटलं, मोठं घर, कमी पडू नये म्हणून जास्तीचा दिला असेल.

लग्नाला आठ दिवस होते. ओझ्याखाली शेवयांचा चुरा होईल म्हणून तिनं आधी फक्त टोपल्या आणून ठेवल्या आणि "आत्ता आले" म्हणून उरलेला रवा आणायला परत गेली. तेवढ्यात वडिलांनी टोपल्या तोलल्या. साडेतीन किलो!

अंगणात हळद कांडणाऱ्या बायांदेखत आई कडाडली, "साडेसहा किलो रवा गिळला व्हय तिनं! लग्नाचं घर बी सोडलं न्हाय!" लगेच एकीनं मीठ-मिरची लावली, "म्या तर कवाची म्हणत हुते." खालाच्या मांडीवर मी वाढलेली, पण नवरी मुलगी म्हणून तोंड शिवून बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

खाला दारातच उभी होती, डोक्यावर रव्याचं गाठोडं. सगळं ऐकलेलं. ती सरळ आत आली आणि गाठोडं पारड्यात ठेवलं.

"तोला, मालक."

साडेसहा भरलं. कांडणं थांबलं होतं.

"मापात चुकले म्या, बाई," ती आईला म्हणाली. "इमानात न्हाय."

एवढं बोलून तिनं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. राहिलेल्या शेवया वेळेत आल्या, पंगतीत कुणाला कमी पडलं नाही. जेवायला मात्र ती आली नाही.

पुढं इतरांचा रवा ती पूर्वीसारखाच घ्यायची, मापट्यानं, गप्पा मारत. आमचा रवा आला की म्हणायची, "तराजू आणा." रवा तोलून घ्यायची, शेवया तोलून द्यायची. आईनं कधी माफी मागितली नाही, तिची जीभ त्यासाठी वळतच नव्हती. पण तो जड तराजू तिनं गड्याला कधी उचलू दिला नाही. भर उन्हात कमरेवर घेऊन स्वतः न्यायची आणि खालाच्या दारात खाली मान घालून बसायची. असे बारा उन्हाळे. "राहू द्या आता," असं खाला एकदाही म्हणाली नाही.