तीन मालकांचं कॉलेज

ज्या घराला मालक जास्त, त्या घरात किस्से जास्त. खानापूर रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजला तीन मालक! नियम दिल्ली करते, पगार बेंगळुरू देतं, परीक्षा विद्यापीठ घेतं. शिकवायचं तेवढं आमच्याकडं राहिलंय, आणि ते आम्ही झोकात करतो. केमिस्ट्रीचा मास्तर म्हणून छाती ठोकून सांगतो.

गेल्या वर्षी दिल्लीची तपासणी समिती यायची ठरली. ग्रेड घसरली तर बीएस्सीचा वर्ग बंद होणार होता. म्हणजे जंगलाकडच्या गावांतल्या मुली बारावीनंतर घरीच. बेळगावला जाऊन दिवसाउजेडी परतणं त्यांना जमत नाही.

*

तयारीच्या धांदलीत वडगावचे एक विणकर ऑफिसात आले. "थोरलीला घातलं तवा डिग्री चार वर्सांची केलती. धाकटीला घातलं तर म्हणत्यात तीनच. म्हंजे दोघी एकदमच सुटणार. मग थोरलीनं एक वर्स आधी जन्मून काय मिळवलं?"

सरकार बदललं, धोरण बदललं, हे त्यांना कोण समजावणार? प्राचार्य देसाई सर म्हणाले, "आप्पा, एकाच दिवशी घरात दोन पदवीधर. अख्ख्या वडगावात कुणाकडं हाय?"

"असं म्हणा की," म्हणत ते खुशीत गेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीला बातमी कळली होती.

*

समिती आली. एका बाईंनी आमचे क्लार्क शिवाप्पा यांना विचारलं, ऑफिसची भाषा कोणती?

शिवाप्पा घरचे कन्नड. शांतपणे म्हणाले, "मॅडम, फाइल कन्नडात, उत्तर इंग्रजीत, भांडण मराठीत."

बाई इतक्या हसल्या की पुढचे प्रश्न विसरल्या.

*

समितीला माजी विद्यार्थीही भेटायला हवे होते. सूट-टायवाले येतील असं त्यांना वाटलेलं. आले उद्यमबागेतल्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून, मोटारसायकलींवरून, हाताला काजळी तशीच.

"कॉलेजनं नोकरी लावली का?" समितीनं विचारलं.

आमचा जुना बीएस्सीवाला म्हणाला, "न्हाय सर. पण फौंड्रीत लोखंड वितळलं की त्यात काय किती घालायचं, ते आता मला इचारत्यात."

त्याला मी शिकवलंय. मला लई अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

*

त्याच दिवशी सकाळी दहाला विद्यार्थ्यांशी चर्चा होती. हॉल भरला, पण देसाई सर सुरूच करेनात. "जंगलाकडनं जांबोटीची बस यायचीय. त्या मुलींशिवाय कसं सुरू करणार?"

समितीचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "हमारा टाइमटेबल फिक्स होता है."

"आमचंही असतं," सर म्हणाले. "बसवर."

मी सरांना चिमटा काढला. ग्रेड जाईल, वर्ग जाईल, आणि ज्यांच्यासाठी थांबलोय त्याच मुली घरी बसतील! सर ढिम्म. अध्यक्षांचा चेहरा लाल. शेवटी बस आली. चिखलाच्या चपला दाराशी काढून मुली आल्या. पुढच्या खुर्च्या त्यांच्यासाठीच ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निरोपाची सभा. अध्यक्षांच्या हातात अहवालाचं बंद पाकीट. सरांनीही आता शहाणपण धरलं होतं. नमस्कार करून म्हणाले, "सर, आज उशीर नको. सुरू करा."

अध्यक्षांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि खिडकीतून फाटकाकडं पाहिलं.

"पहले जांबोटीवाली बस आने दीजिए."