मनोऱ्याखालची डुलकी

मुलांनो, सुट्टीत तुम्ही दुबईला जाताय, म्हणून आमच्या तिथल्या एका शेजाऱ्यांविषयी आत्ताच लिहिते. मुंबईचे पाहुणे सोनेबाजाराकडे निघाले, की ते आडवे येत. "सोनं पळत नाही, वहिनी! यल्ला, चला, आधी जुनी घरं!" रिकाम्या घरातसुद्धा ते चपला काढूनच शिरत.

एकदा त्यांच्या लाडक्या घरावर पाडकामाची खडूची फुली पडली. भर जूनच्या उन्हात त्यांनी पाडकामाच्या केरळी इंजिनिअरला बोलावून त्याच घराच्या, गार वारा खाली आणणाऱ्या मनोऱ्याखाली बसवलं. "पाच मिनिट बैठो, हबीबी. फिर खुशाल तोडो."

इंजिनिअरसाहेब चक्क घोरू लागले. आम्ही हसलो, तर शेजारी डोळे वटारून म्हणाले, "शू!"

जागे झाल्यावर साहेबांनी स्वतःच्या रुमालाने फुली पुसली. ते घर अजून उभं आहे.