मापासाठी एक माणूस

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच सुजातावहिनी म्हणाल्या. फोन ठेवून मी हातातलं पुस्तक त्याच्या जागी लावलं, मग पुढचंही लावलं... काय ऐकलं ते कळायला वेळ लागला. त्याला आता दीड महिना होईल.

आमची ओळख पदवीच्या वर्गातली. पुढे तो टेलिफोन खात्यात लागला आणि मी ग्रंथालयात. नव्वदनंतर पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, तेव्हा घरच्यांचा विरोध पत्करून त्याने सरकारी नोकरी सोडली. काही वर्षांत त्याच्याकडे एक जुनी मारुती आणि एक नवा कॅमेरा आला. मग रविवारी मी बिबवेवाडीहून बसने विश्रांतवाडीला त्याच्या घरी जायचो, वहिनींच्या हातचे पोहे खायचो आणि आम्ही नगर रस्त्याला लागायचो. दर खेपेला त्या रस्त्यावर एखादा नवा कारखाना उभा राहिलेला असे. आम्ही मात्र शिरूर ओलांडून निघोजलाच जायचो. तिथे कुकडी नदीने काळा कातळ कापत खोल घळ केली आहे. पुरात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी त्या कातळात रांजणखळगे कोरले आहेत, काही तर माणूस आत उभा मावेल एवढे.

पहिला रोल धुऊन आला तेव्हा वहिनींनी फोटो हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "हे काय, आप्पेपात्र?"

फोटोत खळग्यांचा आकार कळतच नव्हता, हे मिलिंदला पटलं. पुढच्या खेपेला त्याने मला घळीच्या कडेला, एका खळग्याशी नेऊन उभं केलं. "पाठमोरा राहा. हसू नकोस."

"पाठमोऱ्या माणसाचं हसू कुणाला दिसणार?"

"मला कळतं. खांदे हलतात."

तेव्हापासून मी त्याचं माप झालो. तो समोरच्या काठावर जाई आणि उन्हाची तिरीप घळीत उतरेपर्यंत थांबे. मी पुस्तक वाचत बसे आणि त्याने हाक मारली की उठून उभा राही. माझा चेहरा त्याने कधी टिपला नाही. चेहरा दिसला की लोक चेहराच बघतात, नदी बाजूला राहते, असं तो म्हणे. मला त्यात गैर वाटलं नाही. मला दुसरा मित्र नव्हता आणि उभं राहणं काही अवघड नव्हतं.

पुढे कॅमेरा डिजिटल झाला. त्याच्या ऑफिसातली तरुण मंडळी एकदा बरोबर आली. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, काकांना कशाला उन्हात उभं करताय? पाण्याची बाटली ठेवू ना तिथे!"

"चालेल की," मिलिंद म्हणाला. "बाटलीला दर तासाला चहा पाजावा लागत नाही."

सगळे हसले, मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर ते मनात सलत राहिलं. मी याचा मित्र, की नुसतंच माप? पुढे कितीदा तरी विचारावंसं वाटलं. असलं काही विचारायची आमची पद्धत नव्हती.

शेवटच्या खेपेला त्याला घळीपर्यंत चालवेना. डॉक्टरांनी खरं तर प्रवासच नको म्हटलं होतं. तो गाडीपाशीच दगडावर बसला आणि म्हणाला, "तू जा. नेहमीच्या जागी उभा राहा." मी उभा राहिलो. तिथवर त्याची हाक पोचणार नव्हती, म्हणून बऱ्याच वेळाने मीच परत आलो. कॅमेरा त्याच्या मांडीवर होता, झाकण लावलेला.

"काढला का?"

"नाही रे. नुसता बसलो होतो."

तो गेल्यावर घरी झालेल्या बुद्धवंदनेला कंपनीच्या ओळखपत्रावरचा त्याचा फोटो मोठा करून ठेवला होता. सगळे गेल्यावर वहिनींनी माळ्यावरून एक लांबट कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत जमीन मोजणारे वापरतात तसली काठी होती, तीन तुकड्यांत सुटणारी, फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे असलेली. रंग कुठेही उडाला नव्हता.

"आप्पेपात्र म्हटलं ना मी, त्याच आठवड्यात जुन्या बाजारातून आणली होती," वहिनी म्हणाल्या. "एकदाही नेली नाही. मी विचारलं, अहो, आणलीत कशाला मग? तर म्हणाले, ही नेली तर प्रभाकर काय म्हणून येईल? त्याला फिरायला चल म्हटलं की तो पुस्तक काढून बसतो. काम आहे म्हटलं की येतो."

काठी मी घरी आणली. जोडली तर छताला लागते, म्हणून दोनच तुकडे जोडून पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभी केली आहे. कॉलेजला सुट्टी लागली की निघोजला जाऊन या, असं वहिनी म्हणतात, गाडीही तशीच उभी आहे... पण मला गाडी चालवता येत नाही, फोटोही काढता येत नाहीत. मला नुसतं उभं राहता येतं.